दहा आठवडे, साठ लेख आणि अकरा पानं

प्रश्न असा होता: "पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑनर्सच्या थीसिसचा विषय आहे 'सोशल मीडिया आणि तरुणांचं एकटेपण'. सबमिशनला दहा आठवडे उरलेत. साठेक लेख वाचून झालेत. पंचवीस मुलाखती ठरवल्या होत्या, नऊ झाल्या, त्यातल्या तीनच कागदावर उतरवल्यात. लिहून झालंय ते फक्त प्रस्तावनेचं प्रकरण, अकरा पानं, आणि तेही सहा वेळा बदललंय. माझी मैत्रीण थीसिसऐवजी क्रिएटिव्ह प्रोजेक्ट म्हणून कथासंग्रह करतेय, तिचं मस्त चाललंय. मीही बदलून घेऊ का? की मुदतवाढ मागू? की रोज चार तास बसले तर होईल?"

माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची असशील म्हणून एकेरीत बोलते, चालवून घे. पदवीच्या मुलांचे थीसिस आणि प्रोजेक्ट गाइड करणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे, आणि तुझ्यासारखा मजकूर दरवर्षी याच सुमारास दोन-तीन जणांकडून येतो.

तुझे तिन्ही प्रश्न वेळेबद्दल आहेत. माझं लक्ष मात्र 'सहा वेळा बदललंय' या तीन शब्दांपाशी अडलं. प्रस्तावना सहा वेळा का बदलते? कशाची प्रस्तावना लिहायची आहे तेच ठरलेलं नसतं म्हणून. तुझ्याकडे विषय आहे, प्रश्न नाही. दहा आठवड्यांचे वीस करून दिले तरी प्रस्तावना सातव्यांदा बदलेल आणि वाचलेले लेख साठाचे नव्वद होतील. तेव्हा आधी ठरवायचं ते हे की या थीसिसमध्ये तू काय करणार नाहीस.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या सांगून टाकते. तुझ्या विभागाच्या नियमांत मुलाखतींची किमान संख्या लिहून दिली आहे का? एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची, मंजुरी घेतली असेल तर प्रश्नावलीत बदल करायला पुन्हा परवानगी लागते का? मुदतवाढ घेतली तर पदवी पुढच्या सत्रावर जाते का? या तिन्हींची उत्तरं विभागाच्या नियमपत्रिकेत असतात आणि ती पत्रिका विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे उघडतात. आज उघड. पुढचं सगळं मी असं धरून लिहिते की किमान संख्येची अट नाही आणि व्याप्ती कमी करायला गाइडची हरकत नाही.

आता तुझा 'रोज चार तास'. १९९४ साली रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रकार तपासला, तोही तुझ्यासारख्या ऑनर्स थीसिस लिहिणाऱ्या मुलांवर. ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, थीसिस किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज आला ३३.९ दिवस. मग विचारलं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे मुलांनी कल्पना केलेल्या सर्वांत वाईट परिस्थितीपेक्षाही आठवडाभर जास्त. सांगितलेल्या मुदतीत संपवणारे जेमतेम तीस टक्के निघाले.

ही मुलं आळशी होती म्हणून असं झालेलं नाही. अंदाज बांधताना आपण पुढचं चित्र रंगवतो, की मी असं बसेन, मग असं लिहीन. मागच्या वेळी काय झालं होतं ते त्या चित्रात येतच नाही. म्हणून माझ्याकडे वेळापत्रक घेऊन येणाऱ्याला मी एकच विचारते: मागच्या सत्रातला पंधरा पानांचा पेपर लिहायला किती दिवस लागले? ठरवले होतेस ते सांगू नकोस, लागले ते सांग. तुझाही आकडा तिथूनच काढ.

मी तुझ्यासाठी रोज चार तास धरणारच नाही. बाकीचे विषय आहेत, परीक्षा आहेत, एखादा आठवडा आजारपणात जाईल. आठवड्याला बारा तास धरू. दहा आठवड्यांचे झाले एकशे वीस. हे तुझं भांडवल.

आता खर्च. मुलाखत साधारण पाऊण तासाची असेल. एक तासाचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात, आपण पाच धरू. पंचवीसच्या हट्टाला धरून बसलीस तर उरलेल्या सोळा आणि न उतरवलेल्या सहा मिळून बावीस मुलाखती होतात. म्हणजे साडेसोळा तासांचं रेकॉर्डिंग, म्हणजे ब्याऐंशी तासांचं टंकन. एकशे वीसपैकी ब्याऐंशी! त्यात मुलाखती घ्यायला जाण्यायेण्याचा वेळ नाही, आणि विचार करायला तर उरतच नाही. हाच हिशोब बारा मुलाखतींचा करून बघ. तीन नव्या, सहा जुन्या, एकूण नऊ उतरवायच्या, चौतीस तास. उरले शहाऐंशी. एवढ्या वेळात थीसिस लिहून होतो.

बाराच का, तर त्यालाही आधार आहे. ग्रेग गेस्ट, आर्वेन बन्स आणि लॉरा जॉन्सन यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखतींचं विश्लेषण करताना नवे मुद्दे निघणं कुठे थांबतं ते मोजलं. पहिल्या बारा मुलाखतींतच जवळजवळ सगळं येऊन गेलं होतं, आणि ठळक सूत्रं तर सहामध्येच दिसत होती. २००६ सालचा हा लेख आहे आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "बाराच का?" असं कोणी विचारलं तर तो हाताशी असू दे. मात्र त्यातली मेख विसरू नकोस. त्यांचा गट बऱ्यापैकी एकसारखा होता आणि सगळ्यांना विचारलेले प्रश्नही तेच होते. तुझ्या नऊ जणांत कोणी शाळकरी, कोणी नोकरदार, कोणी गावातला, कोणी परदेशात शिकणारा असेल तर बाराचा आकडा तुला लागू होणार नाही.

म्हणजे पुन्हा प्रश्न अरुंद करण्यापाशीच आलो. हे नेमकं कसं करायचं ते कोणी दाखवत नाही, नुसतं 'विषय फार मोठा आहे' असं म्हणून पानं परत करतात. मी काय करते ते सांगते. उतरवून झालेल्या तीन मुलाखती छापून काढायच्या, पेन्सिल घ्यायची, आणि जिथे वाचताना आपण थबकलो तिथे रेघ मारायची. महत्त्वाचं काय आहे ते शोधत बसायचं नाही, थबकलो कुठे एवढंच. समजा वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीचं वाक्य आहे: "आई ग्रुपवर विचारते, झोपलीस का? मी हो लिहिते. नाही लिहिलं तर लगेच फोन येतो." दुसरीच्या मुलाखतीत आहे: "घरच्या ग्रुपवर मी फक्त अंगठा टाकते." तिसरी म्हणते: "वाईट दिवस असला की स्टेटसला हसरा फोटो लावते, म्हणजे घरचे विचारत नाहीत."

ही तीन वाक्यं शेजारीशेजारी ठेव. यात सोशल मीडियाने एकटेपण वाढतं की कमी होतं याचं उत्तर नाही, आणि बारा मुलाखतींतून ते कधी मिळणारही नाही. तो प्रश्न हजारोंच्या सर्वेक्षणाचा. पण घर सोडून पहिल्यांदाच वसतिगृहात आलेल्या मुली घरच्यांपासून आपलं एकटेपण लपवायला व्हॉट्सअ‍ॅप कसं वापरतात, हे त्यात लख्ख दिसतंय. हा प्रश्न बारा मुलाखतींत पेलतो. त्याची प्रस्तावना लिहायला सहा खर्डे लागत नाहीत. मुख्य म्हणजे साठपैकी कोणते लेख लागतील हेही तो प्रश्नच सांगतो.

तुझ्या मुलाखतींत हे निघणार नाही, वेगळंच काही निघेल. आणि नऊपैकी चारच जण निघालेल्या प्रश्नात बसत असतील तर नव्या मुलाखती तीनऐवजी आठ घ्याव्या लागतील. हिशोब तरीही आवाक्यात राहतो. प्रश्न सापडला की ओळखायचा कसा? एका वाक्यात लिहून घरातल्या कुणालाही वाचून दाखव. समोरच्याने "मग, काय करतात त्या?" असं विचारलं तर प्रश्न सापडला. "हो, आजकाल हे फारच वाढलंय" असं म्हणून मान हलवली तर तो अजून विषयच आहे.

उतरवण्यासाठी सॉफ्टवेअर वापरू का, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. वापरता येतं, वेळ बराच वाचतो. मात्र मराठी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात ते काहीच्या बाही लिहितं, त्यामुळे रेकॉर्डिंग ऐकत ओळन् ओळ तपासावी लागते. आणि त्याहून मोठी गोष्ट, बोलणाऱ्यांनी ज्या संमतिपत्रावर सही केली त्यात त्यांचा आवाज तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाईल असं लिहिलं होतं का? नसेल तर आधी गाइडशी बोल.

आता लिहिणं. प्रस्तावनेची फाइल बंद कर आणि आठव्या आठवड्यापर्यंत उघडू नकोस. सुरुवात अभ्यासपद्धतीपासून. कोणाशी बोलले, कसे निवडले, काय विचारलं, कुठे अडलं, हे तुला आत्ताच माहीत आहे, दोन बैठकांत चार पानं होतात. ती झाली की अंगात जरा वारं भरतं. मग निष्कर्षांचं प्रकरण, मग चर्चा, मग पूर्वसंशोधनाचा आढावा, प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सगळ्यात शेवटी.

निष्कर्षांच्या प्रकरणात बहुतेक मुलं अवतरणांची माळ ओवतात. एक म्हणाली असं, दुसरी म्हणाली तसं, 'यावरून असे दिसून येते की सोशल मीडियाचा परिणाम होतो'. वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. वरचंच उदाहरण घे. परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुझं हवं आणि त्यात दावा हवा: 'घरच्या ग्रुपवरचं लहानसं उत्तर हे संवादासाठी नसतं, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून असतं.' मग मुलीचं वाक्य. मग ते वाक्य उलगडायचं: फोन येतो हे तिला ठाऊक आहे, म्हणजे 'हो' हा शब्द ती फोन थांबवण्यासाठी लिहिते. मग जी मुलगी या दाव्यात बसत नाही ती आण. एखादी असतेच, जी मध्यरात्री आईला चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते. ती का बसत नाही हे लिहिताना तुझा थीसिस खऱ्या अर्थाने सुरू होतो. न बसणारं उदाहरण मुलं गुपचूप वगळतात, आणि परीक्षक परिशिष्ट चाळताना नेमकं तेच काढतात. माझ्या स्वतःच्या व्हायवात हे झालेलं आहे. वगळलेल्या मुलाखतीवर वीस मिनिटं उलटतपासणी चालली होती आणि माझ्याकडे "ती थोडी वेगळी होती" यापलीकडे उत्तर नव्हतं.

साठ लेखांचं काय? प्रत्येकासमोर एक ओळ लिही: हा लेख नसता तर माझा कोणता मुद्दा उघडा पडला असता? ओळ सुचली नाही की लेख बाजूला. माझा अनुभव असा की निम्म्याहून कमी उरतात. बाजूला काढताना जीव तुटतो, वाचायला इतके दिवस घातलेले असतात ना. पण ते वाचन वाया गेलेलं नसतं, व्हायवात बोलताना ते तुझ्या मागे उभं असतं. उरलेले लेख झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये टाकून ठेव. ते फुकट आहे आणि संदर्भसूची आपोआप बनवतं. फक्त त्यात गेलेली नावं, वर्षं एकदा डोळ्यांखालून घाल, कारण संकेतस्थळावरून माहिती उचलताना घोळ होतात. एआयकडून संदर्भ मागितले असशील तर त्यातला प्रत्येक लेख स्वतः उघडून बघ. अस्तित्वातच नसलेले लेख ते अगदी ऐटीत देतं.

वेळापत्रक मी असं लावेन. पहिले तीन आठवडे मुलाखती आणि उतरवणं, त्यातच अभ्यासपद्धतीची चार पानं. चौथ्या ते सातव्या आठवड्यात बाकीची प्रकरणं, कच्ची, ओबडधोबड, पण एकही जागा रिकामी न ठेवता. प्रस्तावनेच्या जागी तूर्त जुनी अकरा पानं तशीच चिकटव. सातव्या आठवड्याच्या शेवटी हा पूर्ण ड्राफ्ट गाइडकडे. त्या वाचेपर्यंत आठव्यात नवी प्रस्तावना, नवव्यात दुरुस्त्या. दहावा आठवडा कोरा ठेवायचा. त्यात फक्त संदर्भ, पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका आणि प्रिंट. हा आठवडा कोरा राहणार नाही हे मलाही माहीत आहे. वर सांगितलेले अंदाजापेक्षा जास्तीचे दिवस कुठून तरी यायचेच आहेत, ते इथे येऊ देत. फाइलची एक प्रत लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि फाइलच्या नावात तारीख. 'फायनल', 'नवीन फायनल', 'हीच फायनल' अशी नावं देणाऱ्या एका मुलाने माझ्याकडे चुकीचीच प्रत जमा केली होती.

दुरुस्तीची एक युक्ती देते, मला तिने बरेचदा तारलंय. ड्राफ्ट छापून प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो काय सांगतो ते पाच शब्दांत लिही. मग मजकूर झाकून नुसते समास वर-खाली वाच. एकच गोष्ट तीन ठिकाणी आलेली दिसेल. दोन परिच्छेदांच्या मध्ये पूलच नाही हेही दिसेल. आणि ज्या परिच्छेदाचे पाच शब्द लिहिताच येत नाहीत तो काढायचा असतो.

मैत्रिणीच्या कथासंग्रहाबद्दल. दहा आठवडे उरले असताना बदलू नकोस. लांबून तो सोपा दिसतो कारण त्यात साठ लेख नाहीत. पण थीसिसला निदान प्रश्नाचं कुंपण असतं, उत्तर दिलं की थांबता येतं. कथा केव्हा झाली हे कोण सांगणार? माझ्याकडची सर्जनशील प्रोजेक्टवाली मुलं शेवटच्या महिन्यात जास्त चाचपडतात. सात कथा ठरवलेल्या असतात, सातही अर्ध्या असतात. त्यांनाही मी हेच सांगते की तीन पूर्ण करा, चार सोडा. शिवाय कथांच्या जोडीला बहुतेक ठिकाणी एक विवेचनात्मक निबंध द्यावा लागतो, आणि तो आदल्या रात्री लिहिला जातो. त्यात कथेचा अर्थ सांगत बसायचं नसतं, निर्णय सांगायचे असतात. तिसरी कथा 'मी'मधून 'ती'मध्ये का नेली, शेवटचं पान का कापलं, कोणत्या लेखकाकडून काय उचललं. हे आठवून लिहिता येत नाही. मैत्रिणीला सांग, प्रत्येक खर्डा तारखेसकट जपून ठेव आणि बदल केला की त्याच दिवशी दोन ओळी वहीत टाक.

मुदतवाढ? आत्ता नको. प्रश्न ठरण्याआधी मागितलेली मुदतवाढ वाचनात जाते, हे मी फार वेळा पाहिलंय. पाचव्या आठवड्यात बघ. बारा मुलाखती उतरवून झाल्या नसतील किंवा निष्कर्षांची निदान आठ पानं नसतील तर त्याच आठवड्यात अर्ज कर, शेवटच्या दिवशी नाही. मात्र झोप उडाली आहे, खोलीबाहेर पडवत नाही असं काही असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेव, आजच गाइडशी आणि समुपदेशकाशी बोल आणि मुदतवाढ घे. त्या परिस्थितीत 'वेळापत्रक पाळ' म्हणणारा सल्ला माझा असला तरी ऐकू नकोस.

राहिला गाइडचा मुद्दा. तू त्यांना टाळतेयस असं मला वाटतं, कारण इतक्या लांबलचक प्रश्नात त्यांचा उल्लेखही नाही. अकरा पानं पाठवून "कसं वाटलं ते सांगा" म्हटलं की उत्तर महिनाभर येत नाही, आणि यात गाइडचा दोष नसतो. उत्तर देता येईल असं काहीतरी विचार. तीन मुलाखतींवर पेन्सिल फिरवून झाली की असं लिहून पाठव:

"मॅडम, थीसिसची व्याप्ती कमी करावी असं वाटतंय. नवा प्रश्न एका वाक्यात खाली दिला आहे. पंचवीसऐवजी बारा मुलाखती घेईन, त्याचं कारण दोन ओळींत जोडलं आहे. तीन मुलाखतींमधले ज्यावरून हा प्रश्न सुचला ते उतारे एका पानावर सोबत आहेत. एवढ्या व्याप्तीला तुमची संमती आहे का, आणि सातव्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण ड्राफ्ट दिला तर तुम्हाला वाचायला किती दिवस लागतील?"

हे लिहिताना सुरुवातीला 'उशीर झाल्याबद्दल मनापासून क्षमस्व' असा एक परिच्छेद तू घालशीलच. पाठवायच्या आधी तो काढून टाक.